मटणाचं घड्याळ वेगळं, बटाट्याचं वेगळं

मागच्या अंकात मंद आचेवरच्या रश्श्याचा विषय नुसता निघाला होता, अन् या महिन्यात निम्मी पत्रं त्याच्यावरच आलीत. म्हणून यावेळी वरणफळं, लोणची सगळं बाजूला, फक्त भांडं अन् आच.

प्रश्न : ताई, मी वाळूजला कंपनीत आहे, रूमवर आम्ही तिघं. रविवारी सुट्टी होती म्हणून मोबाईलवर बाहेरच्या देशातला एक बीफ स्ट्यूचा व्हिडिओ बघून तसंच करायला गेलो. किलोभर मोठ्याचं आणलं, चार बटाटे, चार गाजरं, कांदे, सगळं एकदाच पातेल्यात टाकलं, वरून तांब्याभर पाणी अन् गॅस फुल. दीड तास खदाखदा उकळलं. बटाट्याचा लगदा झाला, गाजर तर सापडेनाच, अन् मटण मात्र चप्पलीसारखं. रूमवाले अजून हसायलेत. नेमकं काय चुकायलंय?
— एक वाचक, संभाजीनगर

उत्तर : हसू द्या की, भांडी त्यांनी घासली असतील तर तेवढा हक्क आहे त्यांचा.

आधी बीफ या शब्दाचं बघू, कारण अजून तीन पत्रांत तेच विचारलंय. व्हिडिओतला माणूस बीफ म्हणतो ते त्याच्याकडचं गाय-बैलाचं. आपल्या महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी आधीपासूनच होती, 2015 पासून बैल अन् वळूही त्यात आले. त्यामुळे आपल्या दुकानात मोठ्याचं म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. रंगानं जास्त गडद, चरबी पांढरी अन् कमी, अन् जनावर वयस्कर असलं तर धागा जाड. म्हणजे व्हिडिओत दोन तास म्हणत असतील तर तुम्ही तीन धरून चाला, कधी साडेतीनही लागतात.

आता चूक. तुम्ही मटण जास्त शिजवलं नाही, अर्ध्यातच उतरवलं. मोठ्याच्या मटणाची गंमत अशी आहे की तासाभरानं ते सुरुवातीपेक्षा जास्त कडक लागतं. धागे आक्रसतात, पाणी बाहेर टाकतात, पण त्या धाग्यांना बांधून ठेवणारी जी चिवट पांढरी शीर असते ती अजून विरघळलेली नसते. ती शीर हळूहळू विरघळून तिचा चिकट रस होतो, ज्याच्यामुळे पायाचा सूप बोटाला चिकटतो तोच, अन् त्याला तासन् तास लागतात. गॅस फुल केला तर धागे अजून घट्ट पिळले जातात अन् शीर काही फार लवकर विरघळत नाही, म्हणजे घाईचं नुकसान तेवढं पदरात. बरेच जण या कडक टप्प्यावरच हात टेकतात अन् खाटकाला शिव्या देतात.

खाटकाकडं गेल्यावर नुसतं किलोभर द्या म्हणू नका, तो समोर असेल ते देणार. खांद्याचं मागा, नाहीतर पायाच्या पोटरीचं, ज्याला आपल्याकडं बोंग म्हणतात. बघायला चिवट, शिरांनी भरलेलं, पण मंद आचेला हेच सोनं. एक नळी सोबत घ्या. पुठ्ठ्याचं साफ लालभडक मटण दिसायला छान असतं पण त्यात शीर कमी, ते रश्श्यात कोरडं पडतं. तुकडे मोठ्या लिंबाएवढे ठेवा, खिम्यासारखे बारीक नको. सकाळीच कापलेलं असेल तर एक रात्र फ्रीजमध्ये झाकून ठेवा, ताजं ताजं म्हणून लगेच चढवलं तर जास्त वातड राहतं.

मटण धुऊन चांगलं निथळू द्या, कापडानं टिपलं तर अजून बरं. जाड बुडाच्या पातेल्यात तीन-चार चमचे तेल कडक तापवा अन् तुकडे थोडे थोडे टाका, एकमेकांना चिकटू न देता. सगळं किलोभर एकदम टाकलं की पाणी सुटतं अन् मटण भाजायच्या ऐवजी उकडतं, राखाडी होतं. आपल्याला तपकिरी पाहिजे. रस आत बंद होतो वगैरे म्हणतात ते खोटंय, रस काही बंद होत नाही, पण चव त्या तपकिरीतच असते. मग तुकडे काढून त्याच तेलात तीन कांदे, आलं-लसूण, दोन चमचे काळं तिखट, हळद, मीठ. बुडाला लागलेलं खरवडून घ्या, टाकून देऊ नका ते. मटण परत आत, अन् गरम पाणी, जेमतेम बुडेल एवढंच.

एक उकळी आली की सगळ्यात छोटा बर्नर, तोही सिमवर, झाकण थोडं तिरकं. आता कान लावून ऐका. खदखद ऐकू आली तर आच जास्त आहे. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटला पाहिजे, पुक्, मग थोडं थांबून परत पुक्. आमची आजी म्हणायची, भांडं बोललं पाहिजे, भांडलं नाही पाहिजे. तिला थर्मामीटर माहीत नव्हता पण तो आवाज म्हणजे साधारण 85 ते 95 अंश, अन् पुस्तकवालेही तेच सांगतात. सिमवरही खदखदत असेल तर जुना तवा खाली ठेवा अन् त्याच्यावर पातेलं.

दोन तास भाजीचं नावही काढू नका. चमच्यानं दाबल्यावर तुकडा थोडासा दबायला लागला की बटाटे अन् गाजरं टाका, मोठे तुकडे करून, अन् अजून चाळीस मिनिटं. मटर शेवटच्या दहा मिनिटांत. मटणाला तीन तास लागतात अन् बटाट्याला पाऊण तास, दोघं एकाच गाडीनं निघाले तर एक जण मुक्कामाच्या आधीच मरणार, हे तुमच्या पातेल्यात झालं. गाजर थंडीतलं लाल असेल तर ते लवकर विरघळतं, ते अजून उशिरा टाका, केशरी गाजर टिकतं. संभाजीनगरच्या बाजारात हिवाळ्यात शलगम मिळतो, तो एकदा नक्की टाकून बघा, बटाट्यापेक्षा भारी लागतो असं माझं मत आहे, घरातल्यांचं नाही.

प्रश्न : व्हिडिओत घट्टपणासाठी मैदा टाकतात अन् वाइनही. आमच्या घरात दोन्ही चालणार नाही. काय टाकावं?
— एक गृहिणी, लातूर

उत्तर : अहो ताई, आपल्या घरात येसर असताना मैदा कशाला? लग्नातल्या येसर आमटीला जो लागतो तोच. धान्य-डाळी अन् मसाले भाजून दळलेला असतो, म्हणजे घट्टपणा अन् चव एकदमच. किलोभर मटणाला दोन चमचे येसर वाटीभर गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, अन् उतरवायच्या पंधरा मिनिटं आधी ओता. गरम रश्श्यात कोरडा टाकला की गोळे झालेच म्हणून समजा. येसर नसेल तर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून तसंच. वाइनचं काम थोडा आंबटपणा अन् थोडा खोलपणा देणं, ते कांदा नीट लालभडक परतला अन् शेवटी चमचाभर चिंचेचा कोळ टाकला की होऊन जातं. शेवटी म्हणजे शेवटीच हं, का ते खालच्या पत्रात.

प्रश्न : सासूबाई दालचा (डाळ-मटण-दुधीचा रस्सा) करतात तेव्हा दुधी मऊसूत असतो, मी केला की दुधी कच्चाच राहतो, तासभर शिजवला तरी टचटच. मटण शिजतं, दुधी नाही, उलटंच व्हायलंय माझं. चिंच मी सुरुवातीलाच टाकते म्हणजे चांगली मुरते.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. आंबटात भाजी शिजायला लई वेळ लावते. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा जो पदार्थ असतो तो आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, म्हणून चिंच, टोमॅटो, चुका, अंबाडी यातलं काहीही आधी पडलं की बटाटा, दुधी, डाळ सगळे अडून बसतात. सासूबाई चिंच नंतर टाकत असणार, त्यांना कारण विचारलं तर सांगता येणार नाही कदाचित, पण हाताला माहितीये. दुधी आधी मऊ होऊ द्या, मग चिंच, मग दहा मिनिटं. अन् हो, हे उलटं वापरताही येतं. ज्याला बटाट्याच्या फोडी अखंड पाहिजेत त्यानं थोडा टोमॅटो आधी टाकावा, फोडी मोडत नाहीत.

प्रश्न : तीन तास गॅस जाळायचा म्हणजे सिलेंडरचं काय? कुकरमध्ये नाही का होत?
— परभणीहून एक काका

उत्तर : होतं की काका. कुकरच्या आत साधारण 120 अंशापर्यंत तापतं, त्यामुळं शीर लवकर विरघळते. परतून झाल्यावर एक शिट्टी, मग सिमवर तीस-पस्तीस मिनिटं, अन् वाफ आपोआप उतरू द्यायची, नळाखाली धरायचं नाही. झाकण उघडून मग भाज्या टाका अन् झाकण न लावता शिजवा. रस्सा थोडा पातळ अन् गढूळ येतो, चव मंद आचेएवढी उतरत नाही, पण कामाच्या दिवशी मी स्वतः हेच करते.

शेतात चूल असेल तर सिलेंडरचा प्रश्नच नाही. फक्त तुराट्या-पऱ्हाट्यावर भरवसा ठेवू नका, त्या भसकन् पेटतात अन् विझतात, परतायला ठीक. उकळी आली की बाभळीचं एक जाड लाकूड नाहीतर गोवऱ्या, अन् जाळ मागं ओढून नुसत्या निखाऱ्यावर भांडं. आपल्याकडं नान-खलियाची, म्हणजे नान अन् मटणाच्या रश्श्याची, डेग अशीच लाकडावर होते. ती तुघलकाच्या लष्कराबरोबर 1327 च्या सुमाराला दौलताबादला आली असं सांगतात, खरं-खोटं खलिया शिजवणाऱ्यालाच विचारा, तो छातीठोक सांगेल.

प्रश्न : भाचीनं अमेरिकेतून स्लो कुकर आणून दिलाय, अजून खोक्यातच आहे. त्यात मटण, राजमा अन् भाज्या सकाळी टाकून ऑफिसला गेलं तर चालेल का?
— एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, आधी खोक्यामागचं लेबल वाचा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. तसाच प्लगमध्ये लावला तर जेवणाच्या आधी कुकरच शिजेल. त्याच्या वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर लागतो, अन् तेवढ्या पैशात इथला नवा येतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं, राजमा त्यात कच्चा टाकू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो जोरात उकळल्याशिवाय मरत नाही, अन् स्लो कुकर तेवढा तापत नाही. अर्धकच्च्या राजम्यानं उलट्या-जुलाब हमखास. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, दुसऱ्या पाण्यात दहा मिनिटं तरी खळखळ उकळून मगच टाका. मटणही आधी परतून, गरम पाण्यासोबतच टाका. झाकण सारखं उघडून बघू नका, आत जमलेली वाफ गेली की परत तापायला वेळ जातो. अन् तुमच्याकडं दिवसा लाईट जात असेल तर हा उद्योगच नको, कोमट मटण चार तास पडून राहणं वाईट. रविवारी घरी असताना करा.

प्रश्न : उन्हाळ्यात आई चान्या, म्हणजे मटणाच्या लांब पट्ट्या, वाळवायची, माझ्याकडं गावाहून थोड्या आल्यात. अशा रश्श्यात चालतील का, की लोक नाक मुरडतील?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : नाक मुरडणाऱ्याला वाढूच नका, तुम्हाला जास्त येईल. आमच्याही छपरावर दोरीला चान्या लटकलेल्या असायच्या अन् कावळे हाकायचं काम माझ्याकडं होतं, पगार म्हणून निखाऱ्यावर भाजलेली एक चानी. चालतात, पण ताज्या मटणाच्या जागी नाही, सोबत. अर्धा किलो मटणाला मूठभर पुरे. आधी तव्यावर नाहीतर निखाऱ्यावर खमंग भाजा, ठेचा, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, अन् मटणाबरोबर सुरुवातीलाच टाका. खारवलेल्या असतील तर रश्श्यात मीठ शेवटी, चाखून. वाळवून आटलेली चव असते ती, पूर्ण भांड्याला खाली एक धुरकट खोली येते, जी कुठल्याच विकतच्या मसाल्यानं येत नाही. जुन्या असतील तर आधी वास घ्या, खवट किंवा बुरशी दिसली तर मोह नको.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं म्हणतात, म्हणून आम्ही रात्री पातेलं ओट्यावरच ठेवलं, सकाळी फेस आला होता. एप्रिल होता. फेकून द्यावं लागलं.
— एक वाचक, जालना

उत्तर : फेकलं ते बरंच केलं. जास्त चांगलं लागतं हे खरंय, मुरतं, रस घट्ट होतो, अन् वरची चरबी गोठून चमच्यानं काढता येते. पण एप्रिलमध्ये आपल्याकडं चाळीसच्या वर पारा, ओटा म्हणजे इन्क्युबेटर. जेवण झाल्या झाल्या दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून घ्या, परातीत गार पाणी घालून त्यात ठेवा, निवलं की लगेच फ्रीज. उन्हाळ्यात उतरवल्यापासून तासाभराच्या आत, थंडीत दोन तास. मोठं पातेलं गरमच फ्रीजमध्ये ढकललं तर मधलं मटण रात्रभर कोमटच राहतं. दोन-तीन दिवसांत संपवा, काढताना लागेल तेवढंच काढा अन् चांगली उकळी आणा. फ्रीजरला टाकणार असाल तर बटाटे आधी खाऊन टाका, गोठून सुटल्यावर ते भुसभुशीत होतात.

अन् वाळूजवाल्या दादांनी सोबत काय खायचं तेही विचारलं होतं, ते वर राहूनच गेलं. पाव आणू नका हो. चौकातल्या भाकरीवाल्या मावशीकडून ज्वारीच्या सहा भाकरी घ्या, ताटात चुरा, वरून रस्सा, बाजूला बुक्की मारून फोडलेला कांदा. रूमवाल्यांना दोन-दोन द्या.