इंग्लंडमध्ये गरिबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर जास्त होतो का?

होण्यात फार फरक नाही, पण गरीब वस्त्यांत त्याने मृत्यू जास्त होतात. एक मोठं कारण तपासणीचं, एनएचएस (तिथली सरकारी आरोग्य सेवा) शौचाच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी फुकट पाठवते म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही, तरी २००६ ला योजना सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत सधन भागांत ६१ टक्के लोकांनी तपासणी केली आणि सगळ्यात गरीब भागांत फक्त ३५ टक्के, हे खरंच वाईट वाटतं. तेव्हा तीन वेळचे नमुने लागायचे, २०१९ पासून एकच पुरतो म्हणून प्रतिसाद वाढलाय. पण हे भारताला तसंच लावू नका, आपल्याकडे हा कॅन्सर खेड्यांपेक्षा शहरांत जास्त दिसतो आणि अशी देशव्यापी तपासणी योजनाच नाहीये.