कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी वणव्यांचा हवामानबदलाशी संबंध कसा?

कोकणातील वणवे बहुतांशी माणसाच्या हातूनच लागतात. हवामानबदल काडी ओढत नाही, तो पावसात वाढलेले गवत उन्हाळ्यात अधिक कडक वाळवून ठेवतो. त्यामुळे भाजावळीतून, म्हणजे पेरणीपूर्वी पालापाचोळा पसरून शेत भाजताना, उडालेली एखादी ठिणगी सड्यावरचे, म्हणजे खडकाळ माळावरचे, गवत धरते आणि पाहता पाहता काजूच्या बागेत शिरते. खरे नुकसान त्यानंतरचे आहे: ऐनाची जुनी झाडे जाड सालीमुळे बहुधा तगतात, परंतु रोपे जळतात, पालापाचोळ्याचे आच्छादन जाते आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरींत उघडी माती वाहून जाऊन खालचा जांभा खडक उघडा पडतो. तेथे रोपांऐवजी गवत माजते, आणि तेच पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पेटते. गवताच्या धुरातील कार्बन पुढील पावसाळ्यातील नवे गवत बराचसा परत शोषून घेते. जळालेल्या झाडांचा मात्र दशकानुदशके हवेतच राहतो.