भूजल प्रदूषणावर संशोधन करायचंय, मग एम.एस्सी. कशात?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात राहते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय आहेत. आमच्याकडे हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. दूषित पाणी आणि मातीवर सरकारी संशोधन करायची इच्छा आहे. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करू का? घरचे बी.एड. कर म्हणतात.

उत्तर : पर्यावरणशास्त्र हा विषय वाईट नाही, पण तुला जिथे जायचंय तिथे ही पदवी आडवी येते. केंद्रीय भूजल मंडळातली ‘सायंटिस्ट-बी’ची पदं यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात. हायड्रोजिऑलॉजीच्या पदाला भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र, जलभूशास्त्र अशी पदव्युत्तर पदवी लागते, तर केमिकलच्या पदाला रसायनशास्त्राची. पूर्वपरीक्षा 400 गुणांची, मुख्य 600, मुलाखत 200. वय 21 ते 32, राखीव प्रवर्गांना सवलत.

तुझा कल बघता मी भूशास्त्र घे म्हणेन. एका बोअरला फ्लोराइड आणि शेजारच्याला नाही, असं का, हा मुळात खडकाचा प्रश्न आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधला जाऊन खाली बसतो. कॅल्शियम कमी, सोडियम-बायकार्बोनेट जास्त आणि सामू (पीएच) चढा असला की तो पाण्यातच राहतो. प्रयोगशाळा आकडा देते; पुढचा बोअर कुठे आणि किती खोल घ्यायचा, हे भूशास्त्रज्ञाला सांगावं लागतं. अमरावती, नागपूर, पुणे या विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग आहेत. आयआयटी मुंबईसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आता एक गोष्ट जी वर्गात घाईत उरकली जाते : नमुना घेणं. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी म्हणजे भूजल नव्हे. सहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे 18 लिटर पाणी असतं. 40 मीटर पाणी असेल तर ते 700 लिटरच्या वर गेलं. नियम तिप्पट उपसण्याचा; हातपंपाने मिनिटाला 12-15 लिटर धरले, तर अडीच-तीन तास दांडा मारावा लागेल. म्हणून व्यवहारात दर पाच मिनिटांनी सामू, विद्युतवाहकता आणि तापमान बघतात आणि आकडे स्थिरावले की बाटली भरतात.

बाटल्या निदान दोन. फ्लोराइड-नायट्रेटची प्लास्टिकची (काच फ्लोराइड धरते), आम्ल न घालता, बर्फात. धातूंची वेगळी : आधी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, मग नायट्रिक आम्लाने सामू 2 च्या खाली आणायचा. क्रम उलटला तर गाळातले धातू विरघळून आकडा फुगतो. आम्लच घातलं नाही, तर हवा लागून लोह तांबूस होऊन बसतं आणि आर्सेनिकलाही सोबत नेतं; अहवालात पाणी निर्दोष दिसतं. हीच नायट्रिकची बाटली कुणी नायट्रेटला लावली तर आम्लातलंच नायट्रेट मोजलं जाईल, ते तुला सांगायला नको!

अहवाल हाती आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलि-इक्विव्हॅलंटमध्ये (म्हणजे आयनांचा विद्युतभार धरून) करून बघ. तफावत 5 टक्क्यांच्या आत हवी. 10 च्या वर असेल तर मानकाशी तुलना करण्यात अर्थ नाही. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 1.5, नायट्रेटची 45. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला गावातले दहा-बारा स्रोत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासलेस, तर मुलाखतीत बोलायला ठोस काही असेल.

दुसरी वाट नागपूरच्या नीरीची (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) किंवा हैदराबादच्या एनजीआरआयची (भूभौतिकी संशोधन संस्था). तिथे सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळवून पीएच.डी.ला जाता येतं. दूषित माती आणि औद्योगिक सांडपाण्याचं काम तुला नीरीत जास्त सापडेल. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिकांची पदं एमपीएससीमार्फत भरतात, पण जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. केवळ तिच्यावर विसंबू नकोस.

घरच्यांना सांग, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाही जिओ-सायंटिस्टचा अर्ज भरता येतो. जाहिरात बहुधा सप्टेंबरात येते. त्या वर्षीची पात्रता तिच्यात वाचूनच अर्ज भर. बी.एड. त्यानंतरही करता येईल.