तीन सुती नट आणि दीड मिलिमीटरचे आटे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अशोक चौक परिसरात आमचे जुने यंत्रमाग आहेत. मागाच्या सांगाड्याला ताण देणारी एक आटेवाली सळई झिजली, म्हणून मी घरच्या छोट्या लेथवर नवी केली. जुन्या सळईचा व्यास साडेनऊ मिलिमीटर भरला आणि पिच गेजचे (दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, तपासायच्या दातेरी पानांच्या साधनाचे) १.५ चे पान तिच्या आट्यांवर जवळजवळ बसले. लेथचा लीड स्क्रूही (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) १.५ मिलिमीटर पिचचाच असल्याने त्याच मापाचे आटे पाडले. मागावरचा जुना नट दोन-तीन फेरे सहज चढतो आणि मग जाम होतो. आटे आणखी खोल पाडावेत का?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : खोल पाडू नयेत. तसे केल्यास नट कदाचित पुढे सरकेल, परंतु तो एक-दोन आट्यांवरच टेकलेला राहील आणि मागाच्या हादऱ्यांनी थोड्याच दिवसांत तेवढे आटे मरतील. आपल्या पत्रातील ‘जवळजवळ’ या शब्दातच दोष दडला आहे. साडेनऊ मिलिमीटरची सळई म्हणजे तीन सुती, अर्थात ३/८ इंची, जिचा नेमका व्यास ९.५२५ मिलिमीटर असतो. इंग्लिश घडणीच्या जुन्या मागांवर सहसा जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे आटे आढळतात. त्या पद्धतीत तीन सुती बोल्टला एका इंचात १६ आटे असतात, म्हणजे पिच १.५८७५ मिलिमीटर होते. आपली पिच प्रत्येक आट्यामागे ०.०८७५ मिलिमीटरने कमी आहे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ही तफावत नटाच्या मोकळीकीत सामावली जाते, पण नटातले पाच आटे गुंतेपर्यंत ती साचून ०.४ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि नट अडकतो. शिवाय व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा असून त्याचा माथा आणि तळ गोलसर असतो, तर मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा असतो. म्हणून आटे कापणारे टूलही ५५ अंशांत घासून घ्यावे लागेल. पिच गेज वापरताना पान उजेडासमोर धरून किमान आठ-दहा आट्यांवर टेकवावे, कारण दोन-तीन आट्यांवर चुकीचे पानही बसल्यासारखे वाटते. जुनी सळई झिजलेली असल्यास तिच्या कडेच्या न झिजलेल्या भागावर एका इंचात किती माथे येतात, ते पट्टीने मोजणे अधिक खात्रीचे.

आता स्पिंडल (सळई फिरवणारा लेथचा मुख्य दांडा) आणि लीड स्क्रू यांना जोडणाऱ्या गियरविषयी. लीड स्क्रू १.५ मिलिमीटरचा असल्यास १६ आट्यांसाठी लागणारे अचूक गुणोत्तर १२७ भागिले १२० असे येते. १२७ दाती गियर छोट्या लेथच्या कव्हरात बहुधा मावत नाही. त्याऐवजी ६३ दाती गियर मिळवावे. चालवणारी गियर ८० आणि ५० दात्यांची, तर चालणारी ६३ आणि ६० दात्यांची लावल्यास पिच १.५८७३ मिलिमीटर मिळते. एका इंचात पडणारा फरक मिलिमीटरच्या अर्ध्या शतांशाहूनही कमी असल्याने मागाच्या कामाला तो नगण्य आहे. हा हिशोब स्पिंडल आणि पहिले गियर एकास एक फिरते असे धरून केला आहे. जागेची अडचण आली तर ८० आणि ५० ची अदलाबदल करता येते, गुणाकार तोच राहतो. आपला लेथ मागांच्या शेडमध्येच असेल, तर गियर बदलताना दात्यांत साचलेली तेलकट सुताची लव ब्रशने काढून टाकावी, कारण ती दाबली गेली की गियर नीट बसत नाही.

पाडण्याच्या कामात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाफनट (टूल वाहणारा सरकता भाग, म्हणजे कॅरेज, लीड स्क्रूला जोडणारा उघडझाप होणारा नट) एकदा लावला की काम संपेपर्यंत सोडायचा नाही. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे पाडताना हाफनट सोडून पुन्हा लावला, तर टूल जुन्या खाचेत पडण्याची खात्री नसते आणि दुहेरी आटे पडून सळई वाया जाते. प्रत्येक कापानंतर आधी टूल मागे घ्यावे, मोटर पूर्ण थांबू द्यावी, मग उलटी फिरवून कॅरेज सुरुवातीच्या जागी न्यावे. आपला चक (सळई पकडणारा भाग) स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल तर उलट फिरवताना तो सुटण्याचा धोका असतो. बोल्टने बसणाऱ्या चकला ही भीती नाही.

सळईच्या टोकाला टेलस्टॉकचे (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचे) टोकदार सेंटर द्यावे, नाहीतर बारीक सळई टूलपासून दूर लवते आणि टोकाकडचे आटे जाड राहतात. सळईचा मागचा भाग स्पिंडलमधून बराच बाहेर लोंबत असेल तर तो फिरताना वाकून फटकारतो, म्हणून त्यालाही आधार हवा. जेथे आटे संपायचे तेथे आट्यांच्या तळाहून किंचित खोल आणि सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची खाच आधी काढावी, म्हणजे टूल थांबायला जागा राहते. कंपाउंड स्लाइड (टूलखालची, कोनात फिरवता येणारी सरक) क्रॉस स्लाइडच्या (सळईला काटकोनात चालणाऱ्या सरकेच्या) दिशेपासून २७ अंशांवर फिरवून तिनेच काप दिल्यास टूल मुख्यतः एका बाजूने कापते आणि हलक्या लेथवर होणारी थरथर बरीच कमी होते. आट्याची खोली १.०१६ मिलिमीटर असल्याने या तिरप्या स्लाइडवर एकूण सुमारे १.१४ मिलिमीटर पुढे जावे लागेल. पहिला काप केवळ ओरखडा उमटेल इतकाच घ्यावा आणि पट्टी लावून इंचात १६ रेघा आल्याची खात्री करावी. गियर चुकले असतील तर ते येथेच कळते, आणि ओरखड्याने सळईचे काही बिघडत नाही. पुढचे काप ०.१ मिलिमीटरचे, शेवटचे त्याहून निम्मे किंवा कमी, आणि कटिंग ऑइल सढळ हाताने. शेवटी जुना नट सळईवर चढवून पाहावा, कारण झिजलेल्या नटाला पुस्तकातले माप नेहमी लागू पडतेच असे नाही.

छोट्या लेथची मोटर अगदी मंद वेगात जोर धरत नाही. म्हणून स्पिंडलच्या मागच्या टोकाला हाताने फिरवायचा दांडा बसवून आटे पाडण्याची पद्धत मला तरी सर्वांत पसंत आहे. खाचेपाशी नेमके थांबता येते आणि घाई होत नाही. मात्र दांडा बसवण्यापूर्वी मोटरचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. फिरत्या सळईवरचे तेल पुसायला सुताचे वेस्ट हातात घेऊ नये, ते आट्यांत अडकून बोटे ओढून नेते.

प्रश्न : मी आय. टी. आय.चा विद्यार्थी आहे. आठ मिलिमीटरच्या सळईवर डायने (सळईवर फिरवून आटे कापणाऱ्या गोल साधनाने) आटे पाडले की ते तिरके येतात. लेथवर टूलनेच पाडावेत का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : टूलची गरज नाही. लेथच्या टेलस्टॉकमध्ये डाय होल्डर धरावा, म्हणजे डाय सळईला सरळ भिडते. सळई ७.९ मिलिमीटरपर्यंत कमी करून टोकाला चांगला उतार द्यावा. बाजारातली काळी सळई पूर्ण आठची असते आणि तिच्यावरची पापडी डायची धार खाते. चक हातानेच फिरवावा आणि अर्धा-पाऊण फेरा पुढे गेल्यावर थोडा मागे घेऊन बुरादा तोडावा. मोठ्या मापांना, म्हणजे बारा मिलिमीटरपासून पुढे, बरेचसे आटे टूलने पाडून शेवटचा हात डायने फिरवणे सोयीचे पडते, कारण डाय तयार खाचांतून आपोआप सरळ जाते.

प्रश्न : घरातल्या पितळी समईच्या दांड्याचे आटे झिजले आहेत. वरची तबकडी डुगडुगते. नवा दांडा लेथवर करता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल. समईच्या आट्यांना ठरलेले माप असेलच असे नाही, त्यामुळे तबकडीतील आतले आटे मोजून त्याप्रमाणे दांड्यावर पाडावेत. आतले आटेही मेलेले असतील तर ते भोक थोडे मोठे करून दोन्हीकडे नवे मेट्रिक आटे घेणे सोपे. पितळ कोरडेच कापावे, तेल लागत नाही. टूलचा वरचा पृष्ठभाग सपाट ठेवावा. पोलादासाठी घासलेले उताराचे टूल पितळात रुतते आणि दांडा ओढून घेते.