रिसेप्टर : ग्राहक की ग्राही?

प्रश्न : मानसिक आजारांवरच्या एका मराठी पुस्तिकेत ‘हे औषध मेंदूतील ग्राहकांना अडवते’ असे वाक्य वाचले. रिसेप्टरला, म्हणजे रसायन धरणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, ‘ग्राहक’ म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : व्याकरणाने चूक नाही, पण मी तो शब्द वापरणार नाही. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, धरणे. ग्राहक आणि ग्राही दोन्ही त्याच धातूपासून आले. मात्र आज ग्राहक म्हटले की दुकान आठवते, ग्राहक मंच आठवतो, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक आठवतो. आजाराने आधीच गोंधळलेल्या घरच्या माणसांनी असे वाक्य कसे लावायचे?

शास्त्रीय मराठीत ‘ग्राही’ आहे आणि तो खरोखर चांगला आहे. गुणग्राही, सारग्राही हे शब्द पाहा : जे घ्यायचे ते आधी, घेणारा नंतर. तसेच डोपामिन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनांवरून डोपामिनग्राही, सेरोटोनिनग्राही. आयुर्वेद जाणणारे इथे हरकत घेतील, कारण तिकडे सुंठ-जिऱ्यासारख्या, मल बांधून ठेवणाऱ्या द्रव्यांना ग्राही म्हणतात. पण रसायनाचे नाव आधी जोडले की घोटाळा उरत नाही.

कल्पना जुनी आहे. १९०० च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी ‘रिसेप्टर’ शब्द रूढ केला, तो विषे आणि प्रतिकारशक्ती यांच्या संदर्भात. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी निकोटीन आणि क्युरारे (एक वनस्पतिज विष) यांचा स्नायूंवरचा परिणाम पाहून, पेशीत ही द्रव्ये ‘ग्रहण करणारे’ काहीतरी असले पाहिजे, असे मांडले.

ग्राही हे पेशीतले प्रथिन. चेतापेशींवर ते बहुधा बाहेरच्या आवरणात असते. रसायन त्याला चिकटले की पेशीत पुढची हालचाल सुरू होते. ती कोणती, हे बरेचसे ग्राहीवर ठरते. म्हणूनच सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे मला खटकते. त्याचे १४ प्रकारचे ग्राही माहीत आहेत. त्यातल्या एकाला अडवून ऑन्डान्सेट्रॉन उलटी थांबवते. दुसऱ्याला चेतवून एलएसडी भास घडवते. यात आनंद कुठे आला?

डोपामिनचे ग्राही पाच, डी-१ ते डी-५. फ्रान्समध्ये १९५२ पासून मनोविकारांसाठी वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन डी-२ला अडवते, हे पुढे उलगडले. त्याने भास आणि भ्रम कमी होतात. पण तेच ग्राही मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातही असतात, म्हणून काहींचे हातपाय ताठरतात, कंप सुटतो. पिट्युटरी ग्रंथीतले डी-२ अडले की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि पाळी चुकू शकते. नातेवाइकांना हे ‘नवे दुखणे’ वाटते.

जोडीच्या शब्दांसाठी माझी पसंती : ग्राहीला चेतवणारे ते चेतक, अडवणारे ते रोधक. ॲरिपिप्रॅझोलसारखे औषध डी-२ला चेतवते, पण डोपामिनइतके नाही. त्याला अंशचेतक म्हणता येईल. ग्राही म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली, हा नेहमीचा दाखला इथे तोकडा पडतो, कारण कुलूप अर्धवट उघडत नाही. आपल्या रोजच्या चहा-कॉफीतले कॅफिन मात्र सरळ रोधक आहे : झोपेकडे नेणाऱ्या ॲडेनोसिनचे ग्राही ते अडवते.

क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधासाठी पुस्तिकेतले वाक्य मी असे लिहीन : ‘हे औषध मेंदूतील डोपामिनग्राहींना (रिसेप्टर) अडवते. त्यामुळे भास कमी होतात. मात्र हातपाय ताठरू शकतात. तसे झाल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा.’