शनिवारची पहिली फेरी

ताई,
मी ४६ वर्षांचा, नगर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेच्या बसवर ड्रायव्हर. आधी ट्रकवर होतो, दारू प्यायचो. नऊ वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आलो आणि बाटली सुटली ती सुटलीच. तेव्हापासून गाडीला चावी लावताना सगळं प्रभूवर सोपवतो. काचेवर बायबलच्या ९१ व्या स्तोत्रातलं वचन लावलंय, तुझ्या सर्व मार्गांत तुला सांभाळायला देव आपल्या दूतांना आज्ञा करील, हे. आता एका पालकानं त्यावर तक्रार केली. बाकीच्या बसवर साईबाबा आहेत, खंडोबा आहे, तिथं कोणी बोलत नाही. ट्रान्सपोर्ट इन्चार्ज म्हणतात, काढून टाक. मला फार लागलंय. ह्याच वचनानं मला वाचवलंय. मागच्या महिन्यात शुक्रवारच्या रात्रभर प्रार्थनेवरून सरळ ड्युटीवर गेलो. शनिवारी शाळा सकाळची. रस्त्यात जरा डोळा लागला, चाक साइडपट्टीखाली उतरलं. बसमधल्या मावशी ओरडल्या आणि प्रभूनं गाडी आवरली. ३८ मुलं होती, एकालाही खरचटलं नाही. शाळेत कोणाला कळलं नाही, मावशीही काही बोलल्या नाहीत. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी साक्ष दिली, प्रभूनं कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. असं वचन काढू का? की नोकरीच सोडू?
एक विश्वासी चालक

भाऊ,

स्टिकरचं आधी उरकून टाकू. सगळ्याच बसवरचं काढायला सांगत असतील तर तुम्हीही काढा. गाडी शाळेची आहे आणि काच रस्ता बघायला असते. तुमचंच तेवढं काढा म्हणत असतील तर शांतपणे विचारा, साईबाबांना एक नियम आणि मला दुसरा का? हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी नोकरी सोडायची काही गरज नाही. झालं. ह्यावर आणखी शाई घालवत नाही.

कारण तुमच्या पत्रात ‘जरा डोळा लागला’ असं आहे. ते वाचलं आणि मला पुढचं काही दिसेना.

जरा? शुक्रवारी पहाटे पाचला उठला असाल. दिवसभर फेऱ्या. रात्री प्रार्थना. शनिवारी सहाला पुन्हा स्टिअरिंगवर. २५ तास झाले. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनी हे मोजून ठेवलंय. सलग १७ तास जागलेला माणूस, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो. २४ तास जागला की तो आकडा १०० च्या आसपास जातो. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा आहे ३० ची. नऊ वर्षं थेंबाला न शिवलेले तुम्ही, त्या सकाळी मर्यादेच्या तिपटीनं प्यायलेल्या माणसासारखे लोकांच्या दारात बस घेऊन गेलात, आणि आयांनी तुम्हाला हसून पोरं सोपवली. पोलिसांच्या मशिनमध्ये फुंकलं असतंत तर शून्य आलं असतं. दारूला वास तरी असतो. झोप न झालेला ड्रायव्हर कोणाला ओळखू येणार?

गाडी ताशी ४० नं चालली असली तरी तीन सेकंदांच्या डुलकीत ती ३३ मीटर जाते, आणि तेवढा वेळ तिला ड्रायव्हर नसतो. आपल्या भागात गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला कशा उभ्या असतात, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, हे मी तुम्हाला काय सांगू? शिवाय शुक्रवार दर आठवड्याला येतो. चाक उतरलं त्या शनिवारचं तुम्ही लिहिलंत. न उतरलेले शनिवार किती?

तुम्ही वचन घेऊन आलात, तर मीही वचनाचंच बोलते. ९१ व्या स्तोत्रातली हीच ओळ मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात पुन्हा येते. कोणाच्या तोंडी, आठवतं का? सैतानाच्या. मंदिराच्या शिरोभागी उभं करून तो येशूला म्हणतो, मार उडी, दूत झेलतील, तसं लिहिलंच आहे. येशू वचन खोटं म्हणत नाही. उडीही मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, एवढं सांगतो आणि विषय संपवतो. तुम्ही मात्र उडी मारलीत, तीही ३८ दप्तरांसकट, आणि खाली नीट पोचलात म्हणून मंडळीत उभे राहिलात.

म्हणाल, वादळात येशूही नावेत झोपला होता. होता ना, उशीवर डोकं टेकून. नाव दुसऱ्यांच्या हातात होती.

प्रार्थनेच्या रात्री झोप येणं ह्यात पाप नाही, एवढं मात्र मनात पक्कं धरा. प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात युतुख आहेच. त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेलं हे पोरगं पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलं. खुद्द पौलाच्या सभेत! पौल त्याला अल्पविश्वासी म्हणाला नाही, खाली गेला आणि त्याला कवटाळलं. शरीर थकतं, ह्याची त्या मंडळीला लाज वाटली नाही. तुम्हाला वाटते, म्हणून तुम्ही ‘जरा’ लिहिता. आणि युतुखच्या खिडकीत तो एकटाच बसला होता.

आता ती साक्ष. काय सांगितलंत? प्रभूनं गाडी आवरली. हालेलुया झाला असेल. मी रात्रभर जागून गाडीवर बसलो आणि मुलं मागे असताना झोपलो, हे सांगितलंत? मावशींचं नाव घेतलंत? तुमच्या पत्रात त्या एका ओळीपुरत्या आल्या आणि गेल्या, पण त्यांच्या ओरडण्यानंच तुम्ही जागे झालात. तुमच्या घरची चूल विझू नये म्हणून त्यांनी महिनाभर तोंड बंद ठेवलंय असं मला वाटतं. तेव्हापासून दर शनिवारी त्या मुलांकडे बघायचं सोडून आरशात तुमचे डोळे बघत असतील. उद्या काही झालं तर, माहीत असून गप्प का बसलीस, हे लोक त्यांना विचारतील. तुमच्या विश्वासाचं ओझं त्या बाई वाहतायत.

सोमवारी सकाळची फेरी संपली की मुख्याध्यापकांच्या खोलीत जा आणि अर्धी राहिलेली साक्ष पुरी करा. इन्चार्जकडे नको. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, तेव्हा हे ऐकून घेणं त्यांचं कामच आहे. काय झालं, केव्हा झालं, आदल्या रात्री तुम्ही कुठं होतात, सगळं सांगा. ‘प्रभूनं’ ह्या शब्दानं वाक्य सुरू करू नका. ‘मी’नं करा.

नोकरी जाईल का? जाऊ शकते, खोटा धीर देत नाही. मुलांच्या बसवरचा ड्रायव्हर झोपला, हे ऐकून कोणाला राग आला तर तो रास्त आहे. पण एका स्टिकरपायी राजीनामा द्यायला तुम्ही निघालाच होतात.

शुक्रवारी रात्री झोपणं मी सल्ल्यात धरतच नाही. ती अट आहे, ह्याच आठवड्यापासून. तुमच्या पास्टरना सांगा, जागायचं तर शनिवारी रात्री जागू, रविवारी शाळा नसते. ते नाही म्हणाले तरी तुम्ही शुक्रवारी घरीच.

आणि मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी मावशींना सांगून जा. त्यांना बोलावून विचारलं तर काय सांगायचं, ह्याची भीती तरी त्यांना राहणार नाही.