किडनी बसवली, पण शेजारी पाणी साठलं

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी मुलाला माझी किडनी बसवली. आता त्याचा उजवा पाय सुजलाय, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) १.२ वरून १.९ झालंय. सोनोग्राफीत किडनीजवळ पाणी दिसलं. सुईने काढलं, आठवड्यात पुन्हा भरलं. माझी किडनी वाया जाणार का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमची किडनी बिघडलीय असं यावरून म्हणता येत नाही. बहुधा ती बाहेरून दाबली जातेय. किडनी जोडताना मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या बारीक लसवाहिन्या कापल्या जातात. त्यांतून लस (टोचायची नव्हे, शरीरातला लिम्फ हा पातळ द्रव) झिरपत राहते आणि पिशवी तयार होते. ती मूत्रनलिका दाबते म्हणून क्रिएटिनिन वाढतं, शीर दाबते म्हणून पाय सुजतो.

काढलेल्या पाण्यातलं क्रिएटिनिन तपासलं होतं का, हे आधी विचारा. ते रक्ताइतकंच असेल तर लस. कितीतरी पट जास्त असेल तर लघवी गळतेय, आणि मग उपचारच वेगळा. फिकट पिवळं पाणी नुसतं बघून मीसुद्धा सांगू शकत नाही.

लहान, त्रास न देणारी पिशवी आपोआप जिरते. तुमच्या मुलाची तशी नाही. नुसत्या सुईने काढलेलं पाणी बऱ्याचदा परत भरतं, त्यात डॉक्टरांची चूक नसते. आता नळी ठेवून निचरा करतात, कधी आत औषध सोडून पिशवी चिकटवतात. तरीही भरलं तर दुर्बिणीतून पिशवीला पोटाच्या पोकळीत खिडकी पाडतात; तिथलं आवरण ती लस शोषून घेतं. मला हा उपाय फार भरवशाचा वाटतो.

ताप, थंडी किंवा लघवी कमी झाली तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.